आधी शेवाळ, मग संयुग

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. गोव्यातल्या हणजूणच्या कातळावरून आणलेल्या शेवाळाच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मेल्या, आता लगेच एनएमआर, म्हणजे रेणूची रचना उलगडणारी चाचणी, करायची, असं लिहिलंयस. वाचून फार आनंद झाला. पण जरा थांब. ते संयुग तयार कोण करतंय, याचा छडा आधी लाव.

डोलास्टॅटिन १० हे कर्करोगाच्या पेशी मारणारं संयुग आठवतं ना? अमेरिकन रसायनज्ञ पेटिट यांच्या गटाने १९८७ मध्ये त्याची रचना मांडली, ती हिंदी महासागरातल्या समुद्री सशापासून. हा गोगलगायीच्या गोतातला प्राणी. ढिगाने गोळा केले तेव्हा हाती लागले मोजके मिलिग्रॅम. मग २००१ मध्ये पलाऊजवळच्या सिम्प्लोका या नीलहरित जिवाणूतून तेच संयुग थेट मिळालं. ससा ते चरून अंगात साठवत होता! त्याच्याच धर्तीवर घडवलेला रेणू प्रतिपिंडाला जोडून ब्रेन्टुक्सिमॅब व्हेडोटिन हे औषध झालं, आणि २०११ पासून ते हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगाच्या रुग्णांना मिळतंय.

तुझा तो केसाळ, काळपट पुंजकाही एकटा जीव नाही. सूक्ष्मदर्शकाखाली नीट बघ. लिंग्ब्या या नीलहरित जिवाणूसारखा धागा असेल तर चपट्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या दिसतील, भोवती पारदर्शक आवरण. त्या आवरणालाच डायटम ही एकपेशीय शेवाळं चिकटलेली असतात, दुसरे बारीक धागे असतात, साधे जिवाणू असतात. मेथॅनॉलमध्ये सगळ्यांचीच संयुगं विरघळतात आणि नाव एकाचंच लागतं. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नकोस. लिंग्ब्या म्हणून नोंदलेल्या कितीतरी उष्णकटिबंधीय नमुन्यांसाठी २०१२ मध्ये मूरिया ही वेगळी प्रजाती करावी लागली, ती डीएनए पाहूनच.

म्हणून चिमट्याने धागे वेगळे कर. थोडे फॉर्मॅलिनमध्ये ठेव, थोडे १६एस तपासणीसाठी (जिवाणू ओळखायची जनुक-चाचणी), बाकीचे गोठव. बाटलीवर जागा, तारीख आणि ओहोटीची वेळ लिही. हातमोजे घालच, यांतल्या काहींच्या विषाने कातडी भाजल्यासारखी होते. संयुगाचं वस्तुमान मिळालं की ते आधी सापडलेल्या संयुगांशी ताडून बघ, जुनंच पुन्हा सापडण्याची शक्यता बरीच असते.

पुन्हा गोळा करायचं तर अमावास्या-पौर्णिमेच्या खोल ओहोटीला जा, आणि मे संपायच्या आत. जूनमध्ये समुद्र खवळला की त्या कातळावर उभंही राहता येत नाही.

तुझा,
सर