कपडे घेताना तुम्हाला काय आवडतं आणि काय अजिबात खपत नाही?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की नोकरी नवीन आहे, कपड्यांसाठी थोडे पैसे बाजूला पडतात, पण दुकानात शिरलं की गोंधळ उडतो आणि घरी आणलेलं दुसऱ्या धुण्यानंतर नकोसं होतं. म्हणून इतरांच्या आवडीनिवडी विचारताय. माझ्या सांगतो. पण मी इचलकरंजीचा आहे, तेव्हा उत्तर थोडं एकांगी होणार हे धरून चाला. आमच्या गावात १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि आजही अर्ध्याअधिक गावाचं पोट कापडावरच चालतं. वडील जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. आई घरी मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची. मी त्या धंद्यात गेलो नाही, पण फॅशन कळायच्या आधी कापड कळलं ते कळलंच. शर्टाचा रंग, कट, ब्रँड हे सगळं मी नंतर बघतो. आधी कापड.

बायको म्हणते, "तुम्ही शर्ट घ्यायला आलाय का लॉट पास करायला?" तिचं काही चुकत नाही.

शर्ट हातात आला की मी पहिल्यांदा तो उलटा करतो. दर्शनी बाजू सगळेच चांगली करतात. काखेतली आणि बाजूची शिवण आतून बघायची. कापडाच्या कडा आत दुमडून वरून टीप मारली आहे, की नुसतं ओव्हरलॉक करून, म्हणजे कडेवर धाग्याची गुंफण मारून, सोडलंय? ओव्हरलॉक म्हणजे वाईट असं नाही, पाचशेच्या शर्टाला ते चालतं. अडीच हजारांच्या शर्टाला तेच असेल तर पैसे कशाचे घेतले? मग खिसा. चौकड्याच्या शर्टाचा खिसा खालच्या चौकड्याशी जुळतो का, बटणं लावल्यावर दोन्ही बाजूंच्या आडव्या रेघा एका ओळीत येतात का, हे बघायला दहा सेकंद लागतात. रेघा जुळवायच्या तर कापड जास्त जातं आणि कटिंग करणाऱ्याचा वेळ मोडतो. ज्याने तो मोडू दिलाय, त्याने बाकीच्या गोष्टीही बऱ्यापैकी नीट केलेल्या असतात. शेवटी कॉलर दोन बोटांत धरून चोळायची. आतलं कॅनव्हास, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारं अस्तर, आणि वरचं कापड एकमेकांवर सरकतंय असं वाटलं तर चार धुण्यांत त्या कॉलरला फुगे येणार, आणि त्या फुग्यांवर जगात कुठलीच इस्त्री चालत नाही.

एवढं झालं की शर्ट दाराशी नेऊन उजेडासमोर धरतो. विणीत पट्टे पडलेत का, मध्येच विरळ जागा आहे का, ते उजेडातच दिसतं. सेल्समन पोरं एकमेकांकडे बघतात, बघू देत. स्वस्त कापडाला कधीकधी भरपूर खळ देऊन जाड केलेलं असतं. दोन्ही अंगठ्यांनी जोरात चोळलं की पांढरी भुकटी निघते. पहिल्या धुण्याला ती खळ पाण्यात जाते आणि मागे उरतं ते गाळणीचं कापड.

आमच्याकडे कापड आकड्यांत बोलतात. ‘साठ-साठ, ब्याण्णव-अठ्ठ्याऐंशी’ म्हटलं की उभं आणि आडवं दोन्ही सूत ६० काउंटचं, आणि एका इंचात ९२ उभे धागे, ८८ आडवे. हे झालं केंब्रिक, म्हणजे पातळ सुती कापड. काउंट वाढेल तसं सूत बारीक, कारण मूळ हिशोब एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात असा आहे. मला रोजच्या वापराला ४० काउंटचं पॉपलिन आवडतं, एप्रिल-मेमध्ये ६०चं. त्याहून बारीक सूत हाताला फार छान लागतं, पण बस, बॅगेचा पट्टा आणि घाम यात ते फार दिवस निभत नाही. आता गंमत अशी की रेडिमेडच्या लेबलवर यातलं काहीच छापत नाहीत. तिथे ‘१००% कॉटन’वर गाडी थांबते. आणि तेही नशीब म्हणायचं, कारण ‘कॉटन रिच’, ‘कॉटन ब्लेंड’, ‘कॉटन फील’ अशी एक मोठी भावकी अलीकडे तयार झाली आहे. त्यातल्या शेवटच्यात कापसाचा अंशही नसू शकतो.

शंका आली तर घरी शिवणीच्या आतला एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो. रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो. रेयॉन मात्र या परीक्षेत सुतासारखाच वागतो, कारण तोही लाकडाच्या लगद्यापासून, म्हणजे झाडापासूनच होतो. लेडीज कुर्त्यांत सध्या हेच कापड फार चालतं. अंगावर पडतं सुरेख, रंगही उठून दिसतो. पण ओलं झालं की त्याची ताकद बरीच कमी होते, म्हणून पिळून, आपटून धुतलं की लवकर जातं, आणि आटतंही. बहिणीला सांगून ठेवा.

आता न आवडणाऱ्या गोष्टी. रिंकल-फ्री शर्ट. चुण्या पडू नयेत म्हणून त्यावर रेझिनचा, म्हणजे एका रसायनाचा, हात दिलेला असतो, त्यात सुताची ताकद कमी होते आणि घामही नीट टिपला जात नाही. सुती कापडाला चुण्या पडणारच. संध्याकाळी सहा वाजता माणसाच्या शर्टाला चुण्या असतील तर त्याने दिवसभर काम केलंय एवढाच त्याचा अर्थ.

छातीभर कंपनीचं नाव असलेला टी-शर्ट मी घेत नाही. जाहिरात त्यांची, अंग माझं, आणि पैसेही मीच द्यायचे! लग्नात अख्ख्या घराने एकाच ताग्यातून शिवलेलं घालायचं, बापाचा कुर्ता, पोराचा कुर्ता, आईचा पदर सगळं एकच, हेही मला बघवत नाही. पैठणीचा छापील मोर जॅकेटवर, पर्सवर, कुत्र्याच्या पट्ट्यावर बघितला की वाईट वाटतं. हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा पदर उलटून बघा, तो मागूनही पुढच्याइतकाच स्वच्छ असतो, मागे लोंबते धागे नसतात. त्या विणकराची मेहनत त्या मागच्या बाजूत आहे. छापील मोराला मागची बाजूच नाही.

मापांचा घोळ तर तुम्ही भोगलाच असेल. एका दुकानात एल बसतो, शेजारच्या दुकानात एक्सएलमध्ये हात वर होत नाही. यात तुमच्या पोटाचा दोष थोडा आणि मापांचा जास्त. आपल्याकडच्या कंपन्या बरीच वर्षं परदेशी मापांवर थोडं इकडेतिकडे करून काम भागवत आल्या. म्हणूनच दिल्लीच्या ‘निफ्ट’ने, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, मुंबई-दिल्लीपासून शिलाँगपर्यंतच्या सहा शहरांत २५ हजारांवर लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायचा प्रकल्प हाती घेतला. ती मापं लेबलांवर येईपर्यंत एल-एक्सएल या अक्षरांवर विश्वास ठेवू नका. घरी जो शर्ट तुम्हाला नीट बसतो, त्याची छाती आणि खांदा टेपने मोजून आकडे मोबाइलमध्ये ठेवा. ऑनलाइन घेताना तर एल-एक्सएल बघूच नका, खालचा इंचांचा तक्ता बघा.

सेलबद्दल एकच सांगतो. तीन घेतले की दोन फुकट असतात तेव्हा पाचांपैकी तीन रंग असे निघतात की ते दुकानात का उरले होते ते घरी आल्यावर कळतं.

मला मनापासून आवडते ती गादीवरची खरेदी. आमच्या भागात लग्नाचा बस्ता बांधायचा तर लोक कोल्हापूरशेजारच्या गांधीनगरला जातात. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे निर्वासित जिथे राहिले, त्या वळिवड्याच्या छावणीच्या जागेवर पुढे फाळणीत घरदार सुटलेली सिंधी कुटुंबं येऊन वसली आणि त्यांनी ही पेठ उभी केली. चपला बाहेर काढून पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं. चहा येतो. दुकानदार विचारतो, "बजेट किती, मावशी?" मावशी कधीच खरं सांगत नाहीत. मग तो घडी मोडून एकेक साडी असा फेकतो की ती हवेतच उलगडून बरोबर समोर येऊन पडते. आमसुली, मोरपंखी, डाळिंबी, अबोली, चिंतामणी. बघता बघता गादीवर ढीग होतो. नवरीची आत्या प्रत्येक पोताला हात लावून बघते, नवरदेवाची आई किंमत ऐकून न ऐकल्यासारखं करते, आणि कोपऱ्यात पुरुषमंडळी आहेराच्या टॉवेल-टोप्या मोजत असतात. कापड हाताळायला मिळणं, दुकानदाराने "हे नको ताई, याचा रंग जातो" असं स्वतःहून सांगणं, आणि बाहेरच्या उजेडात नेऊन बघू देणं, हे मॉलमध्ये कुठून येणार? तिथल्या पिवळ्या दिव्यांत काळा आणि गडद निळा एकच दिसतात.

आहेरावरून आठवलं. शर्ट-पँट पीसचे ते चौकोनी बॉक्स. त्यातले निम्मे कधी टेलरपर्यंत पोचतच नाहीत, या लग्नातून त्या लग्नात फिरत राहतात. उघडून घडीची रेघ बघा. रेघेवरचा रंग उडालेला असेल तर त्या पीसने बरीच लग्नं जेवलेली आहेत. मला असा मिळाला तर मी मुद्दाम शिवून टाकतो, बिचाऱ्याला कुठेतरी मुक्काम मिळावा म्हणून.

फॅशनचं मला वावडं नाही. सैल पँटी परत आल्या याचा आनंदच आहे. तंग पँट घालून मांडी घालून जेवायला बसता येत नाही, आणि ज्या कपड्यात पंगतीला बसता येत नाही तो मी तरी घेत नाही. पायात पायताण कोल्हापुरीच. जून २०२५मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये अगदी तसलीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावच घेतलं नाही. इकडे बोंब झाली तेव्हा प्रेरणा तिथली असल्याचं कंपनीने मान्य केलं. तेव्हा आमच्याकडे कट्ट्याकट्ट्यावर संताप होता, पण संतापणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या पायात रबरी क्रॉक्स होते हेही मी बघितलंय.

तुमच्या जागी मी असतो तर ऑफिससाठी रेडिमेडच्या नादी न लागता कापड घेऊन शिवलं असतं. शिलाई धरूनही चांगल्या दुकानातल्या शर्टापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतं, आणि खांदा तुमचाच असतो. कापड घेताना पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ५८ इंच पन्ना असेल तर पूर्ण बाहीच्या शर्टाला १.६० मीटर पुरतं, ३६ इंची असेल तर सव्वादोन मीटर लागतं. अंग भरलेलं असेल किंवा मोठे चौकडे जुळवायचे असतील तर थोडं वाढवून घ्या. मीटरचा दर ऐकून स्वस्त-महाग ठरवायच्या आधी पन्ना विचारायलाच हवा, तिथेच लोक फसतात. सुती कापड टेलरकडे टाकायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. जे आटायचं ते आधीच आटू द्या.

टेलरला नमुना म्हणून नीट बसणारा जुना शर्ट द्या आणि तोंडी मापंही घेऊ द्या. "थोडं सैल" असं मोघम सांगू नका, कारण त्याचं थोडं आणि तुमचं थोडं यात दोन इंचांचा फरक असतो. छातीला किती इंच जादा हवं ते आकड्यात सांगा. आणि एकदम चार शर्ट टाकू नका. एक शिवा, दोनदा धुवा, दिवसभर घालून बाइक चालवा, वरच्या रॅकवर बॅग ठेवून बघा. काखेत ओढत नसेल तर उरलेले तीन टाका, पण गणपतीच्या आधी. एकदा दसरा-दिवाळीची गर्दी सुरू झाली की कुठलाही टेलर ‘शनिवारी या’ म्हणतो, आणि कुठल्या शनिवारी ते सांगत नाही.