हरमलला निघण्यापूर्वी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

सहा महिने बिनपगारी रजा टाकून गिटारसकट गोव्यात हरमलला राहायला निघालीस, हे आईकडून कळलं. ती काळजीत आहे, मला मात्र फार आनंद झाला.

हरमल म्हटलं की हिप्पी आठवतात, आणि हिप्पी म्हटलं की आपल्याकडे मोकळे कपडे आणि गांजा एवढंच आठवतं. पण १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी भागात तरुण पोरांचा लोंढा आला, तेव्हा त्यांच्यातलेच काहीजण उद्यानात फुकट जेवण वाढत होते. त्याच वर्षी जूनमध्ये तिथे फुकट दवाखाना उघडला आणि फुलांच्या माळा सुकल्यावरही तो कित्येक दशकं चालला. आपल्या हणजुण्यातला आठबोट्या एडीही असाच, आल्यागेल्याला जेवू घालणारा. २०१० साली गोव्यातच वारला. त्या पिढीतलं घेण्यासारखं काही असेल, तर ते हे.

मात्र वाटून खाणं गोव्याला त्यांनी शिकवलं असं समजू नकोस. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढताना बघ. जाळं अर्धगोलात टाकलेलं असतं, दोन्ही टोकांचे दोर माणसं पावलापावलाने मागे सरत ओढतात. दोराला हात लावणाऱ्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो कुणीही असो. गिटार खोलीवर ठेव आणि आधी तिथे जा.

संध्याकाळी वाळूत ढोलांचं रिंगण जमतं. पहिले चार दिवस नुसतं ऐक. दुसऱ्याला जागा कोण देतं, ते कळायला तेवढा वेळ लागतोच.

पंचविशीत मीही तिथे दोन महिने होतो. रोज रात्री उशिरापर्यंत अंगणात वाजवायचो. ज्यांच्या घरात राहत होतो त्या आजींना झोप लागते का, हे एकदाही विचारलं नाही. जाताना त्यांनी काजूची पुडी दिली. ती पुडी मला अजून सलते. आता रात्री दहानंतर उघड्यावर भोंगे लावायला कायद्याने बंदी आहे, पण तू कायद्याची वाट बघू नकोस. शेजारच्या घरातला दिवा मालवला की वाजवणं थांबव.

कार्तिकानंतर पेडण्याच्या बाजूला जत्रा लागतात. तिथे दशावताराचं नाटक उजाडेपर्यंत चालतं. पेटी आणि पखवाजाच्या जवळ जागा धर.

पहिल्या वाट्यात बांगडे आले की तारले, ते कळव.

तुझा,
काका