नर्फ, बफ आणि दळण : 'नर्फ'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय. एक जण त्याच्या गिल्डमधल्या (म्हणजे गेममध्ये एकत्र खेळणाऱ्या टोळीतल्या) मराठी मंडळींसाठी ऑनलाइन रोलप्लेइंग गेमच्या पॅच नोट्स (अपडेटमध्ये काय काय बदललं त्याची यादी) मराठीत करून देतो, आणि दर अपडेटला तेच चार-पाच शब्द आडवे येतात. 'नर्फ'ला (बनवणाऱ्यांनी गेममधल्या एखाद्या गोष्टीची ताकद कमी करणे) त्याने 'कमकुवत करणे' लिहिलं तर सगळे हसले, 'बफ'ला (ताकद वाढवणे) 'सशक्तीकरण' लिहिलं तर त्याहून जास्त हसले. वर 'मोठा नर्फ आला' बरोबर की 'मोठं नर्फ आलं', यावरून दोघांची जुंपली ती वेगळीच.

हसले ते बरोबरच हसले म्हणा. सशक्तीकरण म्हटलं की कोणीतरी फीत कापतंय असं वाटतं, तलवारीचा डॅमेज (घावाने होणारं नुकसान) वाढलाय असं नाही वाटत.

आधी नर्फ कुठून आला ते बघू, कारण त्यातच उत्तराची निम्मी चावी आहे. नर्फ हे खेळण्याच्या ब्रँडचं नाव. १९७० च्या आसपास फोमचा मऊ चेंडू बाजारात आला, घरात कसाही फेका, काही फुटत नाही, कोणाला लागत नाही. पुढे त्यांच्या फोमच्या बॅटी, बंदुका वगैरे आल्या. १९९७ ला अल्टिमा ऑनलाइन सुरू झाला, आणि सांगतात ते असं की त्यात सुरुवातीच्या काळात बनवणाऱ्यांनी तलवारींचा जोर कमी केला तेव्हा खेळाडू करवादले की आता आम्ही एकमेकांना नर्फच्या बॅटीने बडवतोय. तिथून नावाचं क्रियापद झालं आणि मग प्रत्येक गेममध्ये पसरलं.

म्हणजे बघा, शब्दाचा जन्मच मुळी तक्रारीतून झालाय. नुसतं 'ताकद कमी झाली' एवढा त्याचा अर्थ नाही, वर बसलेल्या कोणीतरी ठरवून कमी केली आणि आमचं नुकसान झालं, हे सगळं त्या दीड अक्षरात आहे. 'कमकुवत' फसतो तो इथेच, कारण कमकुवत ही नुसती अवस्था झाली, आजारपणानेही माणूस कमकुवत होतो, त्यात कोणाचा हात दिसत नाही.

मराठीत असा हात दिसणारा शब्द आहे, रोज पेपरात असतो, फक्त गेमवाल्यांना तो आठवत नाही. कात्री. अनुदानाला कात्री, निधीला कात्री, सुट्ट्यांना कात्री. वरून कोणीतरी लावतं, खालच्याला विचारत नाही, आणि खालचा बोटं मोडत बसतो. 'आगगोळ्याच्या डॅमेजला कात्री' असं लिहून बघा, कोणी हसणार नाही, उलट शिव्या घालतील, आणि नर्फची बातमी वाचून शिव्याच यायला पाहिजेत ना.

कात्री किती खोल लागते ते पॅच नोट्समध्ये पटकन कळत नाही हेही जाता जाता सांगतो, भाषांतर करणाऱ्याला उपयोगी पडेल. समजा आगगोळा एका वेळी १०० डॅमेज करतो आणि दर ८ सेकंदांनी मारता येतो, म्हणजे सेकंदाला साडेबारा पडले. आता नोट्समध्ये दोन निरुपद्रवी ओळी येतात, डॅमेज १०० चा ८०, आणि कूलडाउन (परत मारता येईपर्यंतचा वेळ) ८ चा १०. वाचणारा म्हणतो ठीक आहे, वीस टक्के गेले. पण ८० भागिले १० म्हणजे सेकंदाला ८ च उरले, साडेबाराचे ८, सरळ छत्तीस टक्के उडाले. म्हणून नोट्स मराठीत करताना 'किंचित बदल' असले शब्द स्वतःच्या मनाने घालू नका, आकडे द्या आणि कात्री म्हणा.

कात्रीची एक अडचण आहे. ती आकड्याला लागते, माणसाला नाही. 'डॅमेजला कात्री' ठीक, पण 'जादूगाराला कात्री लावली' म्हटलं की ऑपरेशन झाल्यासारखं वाटतं. अख्खा क्लासच (जादूगारासारखा पात्रांचा एक प्रकारच) नर्फ केला असेल तर 'पंख छाटले' म्हणा. हत्यार असेल तर 'बोथट केलं', हा मला सगळ्यात आवडतो कारण नर्फची गोष्टही तलवारीवरूनच सुरू होते. फक्त एक करू नका, 'तलवारीची धार काढली' असं लिहू नका. आपल्याकडे धार काढतात ती म्हशीची. धार लावणे म्हणजे बफ आणि धार काढणे म्हणजे दूध, आणि गंमत म्हणजे इंग्रजीतला बफ शब्द मुळात रेड्या-म्हशीच्या कातड्यापर्यंतच मागे जातो (त्या कातड्याने घासून वस्तूंना चकाकी आणायचे), तेव्हा दोन्हीकडून आपण गोठ्यातच पोचतो.

बफचं मात्र वेगळं दुखणं आहे, आणि सशक्तीकरण फसतं त्याचं खरं कारण हे. बफ हा एकच शब्द दोन कामं करतो. एक, पॅचमध्ये बनवणाऱ्यांनी एखादी गोष्ट कायमची जोरदार केली तो बफ, हा नर्फच्या उलटा. दोन, लढाईच्या आधी हीलर (जखमा बऱ्या करणारा खेळाडू) तुमच्यावर मंत्र टाकतो, वर छोटं चिन्ह दिसतं, अर्धा तास की दहा मिनिटं काय ते आकडे उलटे पळत असतात आणि संपलं की उतरतो, तोही बफ. या दुसऱ्याच्या उलटा डीबफ, नर्फ नाही. भाषांतरात दोन्हीकडे एकच शब्द ठेवला की वाचणाऱ्याला वाटतं ताकद कायमची वाढली.

पहिल्याला 'धार लावली', 'जोर वाढवला', काहीही चालेल. दुसऱ्याला बफच राहू द्या, कारण 'बफ मार ना लवकर' हे ओरडायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा जास्त वेळ नसतोच. पण डीबफला एक तयार शब्द पडून आहे तो उचला. बाधा! विषाची बाधा, शापाची बाधा, आणि हीलर ती काढून टाकतो तेव्हा बाधा उतरवली. चढणे-उतरणे सगळं त्याच्याबरोबर आयतं येतं. इंग्रजीत तेच काम करायला दोन वेगळे शब्द लागतात आणि दोन्ही कोरडे.

आता तो नर्फ की ते नर्फ. मोठा नर्फ आला. माझं मत पुल्लिंग, कारण मनात 'बदल', 'फटका' हे शब्द असतात आणि परकीय शब्द बऱ्याचदा मनातल्या शब्दाचं लिंग घेतो, गाडी मनात असते म्हणून बस ती झाली. पॅच तोच, तो आला. अपडेटवर एकमत नाही, 'अपडेट आलं', 'अपडेट आला', 'अपडेट आली' तिन्ही मी एकाच संध्याकाळी ऐकलेत आणि पेनचा वाद जसा मिटला नाही (तो पेन, ते पेन) तसा हाही मिटायचा नाही, सोडून द्या. आणि भांडणाऱ्या दोघांना सांगा की बहुतेक वाक्यांत हा प्रश्नच येत नाही. 'करणे' लावलं की क्रियापद ज्याला नर्फ केलं त्याच्यामागे जातं: तलवार नर्फ केली, धनुष्य नर्फ केलं, भाला नर्फ केला. नर्फचं लिंग कोणी विचारत नाही.

इथे मला जरा रेंगाळायचंय कारण भाषेची खरी मजा इथे आहे. आपण आता प्रत्येक परक्या शब्दाला करणे-होणे-मारणे चिकटवतो. पूर्वी मराठी यापेक्षा धीट होती. बदल अरबीतून आला, आपण बदलणे केलं. खर्च फारसीतून, खर्चणे केलं. फर्मावणे तसंच. आज कोणाला ते परके वाटत नाहीत. त्या हिशोबाने नर्फणे का नाही? आणि एकदा नर्फणे केलं की 'तलवार नर्फली' आणि 'तलवार नर्फवली' हे दोन्ही मिळतात, पहिल्यात आपोआप झालं, दुसऱ्यात कोणीतरी केलं, आणि नोट्समध्ये जेव्हा लिहिलेलं नसतं तरी डॅमेज कमी लागतो तेव्हा पोरं बरोबर पहिला वापरतात. "अरे ही नर्फलीये का? नोट्समध्ये तर काहीच नाही." हे मी स्वतः ऐकलेलं वाक्य आहे, बोलणारा व्याकरण बघून बोलत नव्हता.

बाकीच्या शब्दांबद्दल विचारलेलं नाही पण हात घातलाच आहे तर 'मॉब'बद्दल (खेळातले मारायचे प्राणी, राक्षस) सावध करतो. मॉब म्हणजे गर्दी असं समजून कोणी जमाव, झुंड लिहितं, ते चूक. खेळातला मॉब एकटा रानडुक्करसुद्धा असतो. १९७८ साली एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी मड नावाचा नुसत्या मजकुरावर चालणारा खेळ सुरू केला, त्यात जागेवरून हलणाऱ्या प्राण्यांना मोबाइल म्हणायचे, त्याचा तुकडा म्हणजे मॉब. खोलीतली खुर्ची हलत नाही, मॉब हलतो, एवढाच मूळ अर्थ. म्हणजे आपल्या खिशातला मोबाइल आणि अंगावर येणारा राक्षस चुलत भाऊ निघाले.

अंगावर येणारा म्हटलं तर 'अ‍ॅग्रो' आठवला, म्हणजे राक्षसाचा राग एखाद्यावर वळणे. याला प्रतिशब्द शोधायचे खूप प्रयोग झालेत, रोष, संताप, आक्रमकता, सगळे मेलेले. आणि इकडे काय होतं सांगतो. एका रात्री रेडमध्ये (अनेकांनी मिळून केलेल्या मोठ्या चढाईत) आमची हीलर, जी बोलताना निम्मे शब्द इंग्रजी वापरते, ती घाबरून ओरडली, "अरे माझ्या अंगावर आलाय तो, घे ना तू अंगावर!" टँकने (सगळ्यांचा मार स्वतः झेलणाऱ्याने) घेतला. कोणी अ‍ॅग्रो म्हणालं नाही, कोणाला काही समजावावं लागलं नाही. अंगावर येणे म्हणजे अ‍ॅग्रो होणे, अंगावर घेणे म्हणजे टँकचं अख्खं काम. आणि ज्याने नको तिथे बाण मारून तीन जास्तीचे मॉब आणले त्याने ते 'ओढवून घेतले'. पुल करणेला ओढणे आणि चुकून पुल झालं तर ओढवणे, हा फरक इंग्रजीत करायला अख्खं वाक्य लागेल.

काइटिंगला लोक पतंग उडवणे लिहितात, शब्दशः खरंय, कारण राक्षस दोरीला बांधल्यासारखा मागे मागे येत राहतो आणि तुम्ही लांबून मारत राहता, पण मराठीत त्याचा बोध होत नाही. झुलवणे म्हणा. हातात सापडत नाही आणि सोडतही नाही, ते झुलवणंच.

ग्राइंडला तर शोधायलाच नको, दळण. तेच तेच दळण दळत बसणे. ज्याने एक टक्का ड्रॉप (मारल्यावर वस्तू मिळायची शक्यता) असलेल्या अंगठीसाठी एकच कोळी शंभरदा मारलाय त्याला विचारा. लोकांना वाटतं शंभरदा मारला की एकदा मिळणारच. तसं नसतं, प्रत्येक वेळी फासे नव्याने पडतात, शंभर मारूनही न मिळण्याची शक्यता जवळजवळ ३७ टक्के उरते, म्हणजे तीनातला एक जण पीठ पाडून हात हलवत परत येतो. नशिबाला शिव्या घालायच्या, दुसरं काय.

वाइप झाला, अख्खी रेड मेली, तर 'पानिपत झालं'. यावर मी काही लिहीत नाही, कुठल्याही मराठी गिल्डमध्ये बसून बघा, आपोआप तोंडातून निघतं. 'सगळे गारद' पण चालतं, पण बॉसचं (मुख्य राक्षसाचं) दोन टक्के आयुष्य उरलेलं असताना मेलात तर पानिपतच.

आणि पॅच. त्याला कोणी 'सुधारणा' लिहितं, लिहू नका, कारण दर वेळी सुधारतं असं नाही. जुन्या काळी कागदी पट्टीवर भोकं पाडून प्रोग्रॅम लिहायचे, चूक झाली की त्या भोकावर खरोखरचा कागदाचा तुकडा चिकटवायचे, तो पॅच. ठिगळ. म्हणजे शब्दशः ठिगळच, आणि भावार्थानेही ठिगळच. एक भोक बुजवलं की शेजारी फाटतं. गंभीर नोट्समध्ये पॅचच ठेवा, पण शीर्षकात एखादं 'या महिन्याचं ठिगळ' टाकून बघा, वाचतील.

शेवटचं, त्याने खाली जोडलेला प्रश्न, 'लूट मिळाला' की 'लूट मिळाली'. मिळाली. ही आपलीच आहे, इंग्रजांनी हिंदीतून उचलून नेली (त्यांनी बाकीही बरंच नेलं), खेळांनी परत आणून दिली तेव्हा जाताना तिचं जे लिंग होतं तेच ठेवा, तिला पुल्लिंगी करायचं काही कारण नाही. अवतारचंही तसंच, संस्कृतातला शब्द, १९८५ च्या अल्टिमा ४ मध्ये तर नायकाला हीच पदवी मिळवायची असते, आणि आता 'माझा अवतार बदलला' असं म्हणत तो परत आलाय. फक्त घरच्यांसमोर जपून, तीन दिवस दळण दळून उठलेल्या माणसाला 'काय हा अवतार' म्हणतात तेव्हा ते स्क्रीनवरच्याबद्दल बोलत नसतात.