वाचक विचारतात

प्रश्न : सुट्टीत आमच्याकडे दिवसभर सुपरहिरोंचे सिनेमे चालू असतात. मुलाने विचारलं, मराठीत असा चमू जमला तर त्यात कोण? मी पटकन म्हणालो, अशोक सराफ. पण त्यांना कुठली शक्ती द्यायची, ते सुचेना.
– एक वाचक, मिरज

उत्तर : अहो, भूत होऊन त्यांनी एक शक्ती कधीच वापरून दाखवली आहे! ‘एक डाव भुताचा’ (१९८२) मुलाला दाखवा. दिलीप प्रभावळकर गरीब मास्तर आणि अशोकमामा खंडूजी फर्जंदाचं भूत. मी तो आमच्या गावच्या जत्रेत तंबूत पाहिला, वडिलांच्या मांडीवर बसून. चमत्कार फारसे आठवत नाहीत. मास्तरांच्या पाठीशी कुणीतरी उभं आहे, एवढा धीर मात्र अजून आठवतो.

म्हणून मी त्यांना उडायला लावणार नाही. त्यांना शक्ती देईन ती नेमक्या क्षणाची.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) पुन्हा बघा, पण या वेळी बोलणाऱ्याकडे बघू नका. लक्ष्मीकांत बेर्डे किंवा सचिन बोलत असताना धनंजय मानेचे डोळे बघा. चौघांचं बिंग फुटायची वेळ आली की तो आधी ऐकून घेतो, अर्धा क्षण थांबतो आणि मग तोंड उघडतो. हशा त्या अर्ध्या क्षणात तयार होतो. ‘पांडू हवालदार’मध्ये (१९७५) समोर साक्षात दादा कोंडके होते, तिथेही ते झाकोळले नाहीत. ही जाण नाटकातून आली असं मी मानतो. स्टेट बँकेत नोकरी करता करता त्यांनी नाटकं केली, आणि त्यांचे मामा गोपीनाथ सावकार स्वतः रंगभूमीवरचे.

तर माझा सिनेमा असा. पावसाळ्यातलं चिपळूण, वाशिष्ठीला पूर. चमूत तिघं तरुण : पाणी अडवणारी एसटी ड्रायव्हरची मुलगी, जमिनीखालचा आवाज ऐकू येणारा एक गुराखी, आणि उडता येणारा पण उंचीला घाबरणारा कॉलेजकुमार. चौथे निवृत्त कॅशियर, म्हणजे अशोकमामा. त्यांना एका श्वासापुरता काळ थांबवता येतो, फक्त तेवढाच. तरुणांची घाई होते, मामा त्यांना थांबायला शिकवतात. शेवटी धरणाचं पाणी सुटतं, तेव्हा ते काळ थांबवत नाहीत. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहतात आणि एवढंच म्हणतात, ‘आता.’

म्हातारा गुरू मध्यंतराला मरतो, तसं मी होऊ देणार नाही. मामा शेवटच्या दृश्यापर्यंत हवेत.

प्रश्न : अशोक सराफ यांचं गंभीर काम कुठून पाहायला सुरुवात करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ‘चौकट राजा’पासून (१९९१). सगळ्यांना प्रभावळकरांचा नंदू आठवतो, आणि आठवावाच. तुम्ही मात्र त्याला सांभाळून घेणाऱ्या गणाकडे बघा. मग ‘भस्म’ बघा. २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा बातम्यांमधून विनोदी चित्रपटांचीच दृश्यं फिरत होती, याचं मला वाईट वाटलं. गणाचं एखादं तरी दाखवायला हवं होतं.