लाकडी नंदी, रिकामा खुंटा

भाऊ, तुझं आत्मकथन वाचलं. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांनी लाकडी नंदी सजवून मिरवायच्या विदर्भातल्या सणाचा, प्रसंग सोन्यासारखा आहे, पण तूच तो मातीत घातलास. खरी बैलजोडी बाजारात विकली त्याच आठवड्यात तुझ्या लाकडी नंदीला सजावटीचं बक्षीस मिळतं, बाप टाळ्या वाजवतो. विसंगती तिथंच पुरती उभी आहे. मग पुढे 'दैवाची केवढी ही क्रूर थट्टा!' कशाला? खोड ती ओळ.

आत्मकथनात दोन 'मी' असतात. ९ वर्षांच्या पोराला बक्षिसाचा कंपास दिसतो, आजच्या तुला रिकामा गोठा. उपरोध या दोघांमधल्या फटीतून येतो. पोराच्या तोंडी मोठ्याची समज घातली की फट बुजली. त्याला कंपासच दिसू दे. खुंट्याला नुसतं दावं पडलंय, एवढं जाता जाता सांग. प्रतीक तेच होतं, वेगळं घडवावं लागत नाही.

उपमा कमी कर. कापसाला चांदणं म्हणणारे लय झाले; वेचताना बोंडाच्या टोकानं नखाजवळ निघालेलं रक्त लिही. आणि आजीचं वऱ्हाडी 'काहून रे बाप्पा' प्रमाण मराठीत धुऊ नको. मी माझ्या लेखनाच्या पहिल्या मसुद्यात असंच धुतलं होतं, माझी आजी पुण्याची वाटायला लागली.