वाचकांचे प्रश्न : मालवेअर, बनावट संकेतस्थळे आणि आपला संगणक

संगणकाच्या सुरक्षिततेविषयी आलेल्या पत्रांतील पुष्कळसे प्रश्न एकमेकांशी मिळतेजुळते असल्याने त्यांतील काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. यातील बहुतेक प्रकरणांत मालवेअरला, म्हणजे नुकसान करण्यासाठी किंवा माहिती चोरण्यासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरला, आत येण्याची परवानगी वापरणाऱ्यानेच घाबरून, घाईत किंवा चार पैसे वाचवण्यासाठी दिलेली दिसते. त्यामुळे कोणते सॉफ्टवेअर विकत घ्यावे यापेक्षा कोणती परवानगी कधी नाकारावी, यावरच उत्तरांचा भर आहे.

प्रश्न : वर्तमानपत्र वाचत असताना अचानक संपूर्ण पडदा निळा झाला, मोठ्याने भोंगा वाजू लागला आणि ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरले आहेत, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ अशी सूचना आली. मी घाबरून संगणकाची वायरच काढली. तेव्हापासून उजव्या कोपऱ्यात अशाच सूचना दिवसभर येत असतात. फोन करावा काय? — निवृत्त शिक्षक, चिपळूण

फोन मुळीच करू नये. आपण पाहिलेला निळा पडदा हे एक साधे वेबपान होते. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानाला आपल्या डिस्कवरील फाइली तपासता येत नाहीत, त्यामुळे संगणकात व्हायरस आहे की नाही हे त्याला कळणेच शक्य नसते. मायक्रोसॉफ्टने स्वतः स्पष्ट केले आहे की, तिच्या कोणत्याही त्रुटिसंदेशात किंवा इशाऱ्यात दूरध्वनी क्रमांक दिलेला नसतो. म्हणजे क्रमांक दिसला की इशारा खोटा, एवढी एकच खूण लक्षात ठेवली तरी पुरे. अशा वेळी वायर काढण्याची गरज नाही. एस्केप हे बटण काही क्षण दाबून धरले की पान पूर्ण पडद्यावरून खाली येते. तेवढ्याने न भागल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा व ब्राउझर तेथून बंद करावा. ब्राउझर पुन्हा सुरू केल्यावर ‘आधीची पाने परत उघडू का’ असे विचारले जाते, तेव्हा नकार द्यावा. अन्यथा तोच भोंगा पुन्हा वाजू लागेल.

कोपऱ्यातील सूचनांचे कारण वेगळे आहे. कधीतरी एखाद्या संकेतस्थळाने ‘सूचना पाठवण्यास परवानगी द्या’ असे विचारले असणार आणि आपण ‘अलाऊ’ दाबले असणार. व्हिडिओ पाहण्यासाठी किंवा आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी ‘अलाऊ’ दाबा, असे सांगून ही परवानगी उकळली जाते. क्रोममध्ये सेटिंग्ज, त्यात प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज आणि शेवटी नोटिफिकेशन्स, असे गेल्यास परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी दिसते. त्यातील अनोळखी नावे काढून टाकावीत, आणि शक्य असल्यास यापुढे कोणत्याही संकेतस्थळाने ही परवानगी विचारूच नये, असा पर्याय तेथेच निवडावा. वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांनाही ही परवानगी देण्याची आवश्यकता नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या क्रमांकावर फोन केला असता, तर समोरच्या माणसाने आपल्याकडून दूरस्थ नियंत्रणाचे, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी बसून आपला संगणक चालवू देणारे, सॉफ्टवेअर उतरवून घेतले असते. असे सॉफ्टवेअर स्वतः व्हायरस नसते आणि अनेक कार्यालयांत ते रोज वापरले जाते, म्हणून अँटिव्हायरसही त्याला बहुधा अडवत नाही.

प्रश्न : आमचा छापखाना व डीटीपीचा व्यवसाय आहे. दोन्ही संगणकांवर विंडोज १० आहे आणि मराठी टंकलेखनाचे जुने सॉफ्टवेअर क्रॅक करून घातलेले आहे. ते चालावे म्हणून अँटिव्हायरस बंद ठेवावा लागतो. ग्राहकांच्या पेनड्राइव्हमधील फोल्डरांचे वारंवार शॉर्टकट होतात. आमचा तंत्रज्ञ म्हणतो की यात धोका नाही. हे खरे आहे काय? — एक मुद्रक, इचलकरंजी

आपल्या तंत्रज्ञाशी मी सहमत नाही. अँटिव्हायरस क्रॅकला, म्हणजे परवान्याशिवाय सॉफ्टवेअर चालवण्यासाठी केलेल्या फेरफाराला, उगाचच व्हायरस ठरवतो, हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. परवाना तोडणाऱ्या साधनांना काही वेळा केवळ त्या कारणासाठीही धोकादायक म्हणून नोंदवले जाते. परंतु त्याच फाइलीसोबत आणखी काही आले आहे की नाही, हे ओळखण्याचे आपले एकमेव साधन आपण स्वतःच्या हाताने बंद करता, आणि क्रॅक तयार करणाऱ्यांतील अनेकांना नेमके तेच हवे असते. शिवाय असे सॉफ्टवेअर चालू करताना त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार द्यावे लागतात, म्हणजे संपूर्ण यंत्राचा ताबा त्याच्याकडे जातो. विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंग्जमधील ‘एक्सक्लूजन्स’ ही यादी एकदा अवश्य पाहावी. तपासणीतून वगळलेली फोल्डर तेथे दिसतात, आणि कोणी तरी संपूर्ण सी ड्राइव्हच तेथे नोंदवून ठेवलेला असणे मुळीच अशक्य नाही.

मराठी छपाईचा व्यवसाय या कोंडीत का अडकला, हे समजण्यासारखे आहे. अनेक छापखान्यांची कामे आजही पेजमेकर या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरवर चालतात; त्याची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ साली आली आणि तिला युनिकोडचा, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या आजच्या समान संकेतपद्धतीचा, आधार नाही. त्यामुळे जुने टंक, जुना कळफलक आणि जुनी विंडोज यांची साखळी तुटत नाही, आणि ती जिवंत ठेवण्यासाठी कुठून तरी उतरवलेल्या फाइलींचा आधार घेतला जातो. नवीन कामांपुरती तरी ही साखळी तोडता येईल. विंडोजमध्ये मराठी कळफलक मोफत अंतर्भूत आहे, मुक्त परवान्याचे मुक्ता किंवा बलू यांसारखे उत्तम देवनागरी टंक उपलब्ध आहेत, आणि इनडिझाइन किंवा मोफत मिळणारे स्क्रायबस या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या आजच्या आवृत्त्यांत युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळतात. जुन्या फाइलींसाठी जुने सॉफ्टवेअर लागणारच असेल, तर त्याचा अधिकृत परवाना घेऊन ते एकाच संगणकावर ठेवावे आणि त्या संगणकाची इंटरनेटची जोडणी कायमची काढावी. हा उपाय गैरसोयीचा आहे, पण बिल, जीएसटी आणि बँकेचे व्यवहार ज्या यंत्रावर होतात त्याच यंत्रावर क्रॅक चालवण्यापेक्षा ही गैरसोय परवडली.

आता शॉर्टकटांविषयी. पेनड्राइव्ह लावताच त्यातील प्रोग्राम आपोआप सुरू होण्याची सोय विंडोज ७ पासून बंद झालेली आहे. म्हणून मालवेअरने दुसरी युक्ती काढली. ते खऱ्या फाइली लपवते आणि त्यांच्या जागी फोल्डरसारखे दिसणारे शॉर्टकट ठेवते. शॉर्टकटवर दोनदा क्लिक केले की खरे फोल्डरही उघडते, त्यामुळे संशय येत नाही, आणि त्याच क्लिकने मालवेअरही सुरू होते. ग्राहकाच्या फाइली बहुतेक वेळा नष्ट झालेल्या नसतात. कमांड प्रॉम्प्टमधील ‘ॲट्रिब’ या आज्ञेने लपलेपणाची खूण काढली की त्या पुन्हा दिसतात. मात्र त्याआधी आपला संगणक स्वच्छ करणे आवश्यक आहे, नाहीतर नव्याने लावलेला प्रत्येक पेनड्राइव्ह पुन्हा बाधित होईल आणि ग्राहक तो घेऊन शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात जाईल. यापुढे पेनड्राइव्ह लावल्यावर तो लगेच न उघडता, त्याच्या चिन्हावर उजवे क्लिक करून प्रथम तपासणी चालवावी. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’ या भागात फाइलींच्या नावांचे विस्तार, म्हणजे नावाच्या शेवटी फाइलीचा प्रकार सांगणारी अक्षरे, दिसण्याची सोय चालू करावी. ती बंद असली की ‘पत्रिका डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही प्रत्यक्षात प्रोग्राम असलेली फाइल केवळ ‘पत्रिका डॉट पीडीएफ’ अशी दिसते, आणि लग्नसराईच्या घाईत कोणीही फसेल. शक्य असल्यास मजकूर ईमेलने मागवणे अधिक बरे, परंतु सर्व ग्राहकांकडून ते होणार नाही याची मला कल्पना आहे.

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. मायक्रोसॉफ्टने नोंदणी केलेल्या घरगुती संगणकांसाठी सुरक्षा अद्यतनांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवली, आणि व्यवसायांसाठी तीन वर्षांपर्यंतची वेगळी, सशुल्क योजना ठेवली. अद्यतने चुकवल्याने काय होते याचा धडा वॉनाक्राय या मालवेअरने दिला. विंडोजमधील ज्या त्रुटीचा त्याने वापर केला, तिची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीच प्रसिद्ध झाली होती. हल्ला झाला तो १२ मे २०१७ रोजी. जवळपास दोन महिने हाताशी असूनही ज्यांनी ती दुरुस्ती घातली नव्हती, त्यांचेच संगणक प्रामुख्याने बळी पडले आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले.

वॉनाक्राय हे रॅन्समवेअर होते, म्हणजे फाइली कूटबद्ध करून (किल्लीशिवाय उघडणार नाहीत अशा करून) त्या सोडवण्यासाठी खंडणी मागणारे मालवेअर. छापखान्यासाठी हा सर्वांत मोठा धोका आहे, कारण वर्षानुवर्षांचे ग्राहकांचे आराखडे आपल्याकडेच असतात. दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात, त्यांवर आळीपाळीने प्रती काढाव्यात आणि काम होताच डिस्क संगणकापासून वेगळी करावी. सदैव जोडलेली डिस्क संगणकासोबतच कूटबद्ध होते, आणि मग ती प्रत असून नसल्यासारखी ठरते. तसा प्रसंग आलाच तर खंडणी देण्यापूर्वी ‘नो मोअर रॅन्सम’ या, युरोपोल ही युरोपीय संघाची पोलीस संस्था आणि डच पोलीस यांनी खासगी कंपन्यांसह २०१६ साली सुरू केलेल्या उपक्रमाचे संकेतस्थळ पाहावे. काही जुन्या प्रकारांच्या किल्ल्या तेथे विनामूल्य मिळतात, सर्वांच्या नाहीत.

प्रश्न : पत्त्याशेजारी कुलुपाचे चिन्ह असेल तर संकेतस्थळ सुरक्षित समजावे, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते. तरीही माझ्या सहकाऱ्याची फसवणूक झाली. असे कसे? — बँक कर्मचारी, नाशिक

कुलुपाचा अर्थ एवढाच की आपण आणि ते संकेतस्थळ यांच्यामधील मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही. पाकीट नीट चिकटवलेले आहे. ते कोणाच्या हाती पडणार, याविषयी कुलूप काही सांगत नाही. यासाठी लागणारे प्रमाणपत्र आज विनामूल्य आणि काही मिनिटांत मिळते, त्यामुळे बनावट संकेतस्थळांवरही ते असते. हा गैरसमज इतका पसरला होता की क्रोमने २०२३ साली कुलुपाचे चिन्हच काढून टाकले आणि तेथे एक तटस्थ चिन्ह ठेवले.

पाहण्याची गोष्ट म्हणजे पत्ता, आणि तो उजवीकडून वाचायचा असतो. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेषांनंतर जी पहिली एकेरी तिरपी रेषा येते, तिच्या लगत डावीकडे असलेले नाव हे संकेतस्थळाच्या मालकाचे खरे नाव. त्याच्याही डावीकडे कोणत्याही बँकेचे नाव मालकाला हवे तसे लिहिता येते. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा स्वतंत्र विस्तार आणला असून ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर स्थलांतर करण्यास बँकांना सांगितले होते. हा विस्तार केवळ बँकांनाच मिळतो, म्हणून तो पत्त्याच्या अखेरीस आहे की नाही हे पाहण्याची सवय आपल्या ग्राहकांनाही लावावी. शोधयंत्रातील सर्वांत वरचा निकाल अनेकदा जाहिरात असतो. बँकेचे संकेतस्थळ शोधून उघडण्याऐवजी एकदा खात्री करून जतन केलेल्या दुव्यावरून उघडावे. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून योग्य संकेतस्थळावर ते भरणारे सॉफ्टवेअर, वापरत असल्यास आणखी एक फायदा मिळतो. डोळ्यांना फसवणारा पत्ता त्याला फसवू शकत नाही, आणि तो पासवर्ड आपणहून भरत नसेल तर तेथेच थांबावे.

प्रश्न : एका संकेतस्थळाने ‘मी रोबोट नाही’ हे सिद्ध करण्यासाठी विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल व व्ही दाबा आणि एंटर करा, असे सांगितले. मी तसे केले. काहीच झाले नाही. चिंतेचे कारण आहे काय? — महाविद्यालयीन विद्यार्थी, लातूर

होय, आहे, आणि हे उत्तर वाचताच हालचाल करावी. गेल्या काही वर्षांत ही क्लृप्ती फार पसरली आहे. त्या पानाने आपल्या नकळत एक आज्ञा क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर जेथे तात्पुरता राहतो तेथे, ठेवली, विंडोज आणि आर या बटणांनी ‘रन’ची चौकट उघडली, आणि पुढच्या दोन कृतींनी ती आज्ञा आपणच चालवली. कोणतीही खरी पडताळणी ब्राउझरच्या बाहेर काही करायला सांगत नाही.

अशा आज्ञा बहुधा माहिती चोरणारे मालवेअर उतरवतात. ते ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकी (आपण लॉगिन केलेले आहे हे संकेतस्थळाला सांगणाऱ्या छोट्या नोंदी) उचलून पाठवते व काही वेळा स्वतःला पुसूनही टाकते. म्हणून काहीच झाले नाही असे वाटते. कुकी हाती लागली की चोराला पासवर्ड किंवा ओटीपी यांची गरज उरत नाही, कारण संकेतस्थळाला तो आधीच आत आलेला वापरकर्ता वाटतो. त्यामुळे प्रथम संगणक इंटरनेटपासून तोडावा. त्यानंतर दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून आधी ईमेलचा पासवर्ड बदलावा आणि सर्व उपकरणांवरून बाहेर पडण्याचा पर्याय वापरावा. नुसता पासवर्ड बदलण्यावर विसंबू नये. पुनर्प्राप्तीसाठी नोंदवलेला मोबाइल क्रमांक आपलाच आहे ना आणि पत्रे परस्पर दुसरीकडे पाठवण्याचा नियम कोणी घातलेला नाही ना, हेही पाहावे. मग बँक, समाजमाध्यमे आणि इतर खाती घ्यावीत. संगणकावर मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या विंडोजमधील अंतर्भूत अँटिव्हायरसची ऑफलाइन तपासणी चालवता येईल, पण मी आपल्या जागी असतो तर स्वतःचे दस्तऐवज बाजूला काढून विंडोज नव्याने घातली असती. पैसे गेल्याचे दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा किंवा ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ येथे तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत जाण्यापूर्वी रोखली गेली तरच ती परत मिळण्याची शक्यता राहते.

प्रश्न : विंडोजमधील डिफेंडर पुरेसा आहे की विकतचा अँटिव्हायरस घ्यावा? — गृहिणी, मडगाव

घरगुती वापरासाठी डिफेंडर पुरेसा आहे, परंतु तो चालू असला पाहिजे आणि विंडोज अद्ययावत असली पाहिजे. अडचणीच्या वेळी फोनवर बोलायला कोणी हवे असेल, तर पुण्याच्या क्विक हीलसारख्या कंपनीचे उत्पादन घेण्यात गैर काही नाही. शंकेपोटी एकदा तपासणी करून पाहायची असल्यास केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत साधने आहेत. विकतच्या अँटिव्हायरसपेक्षा रोजच्या कामासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसलेले साधे खाते वापरण्याचा उपयोग मला अधिक वाटतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवू नयेत. नव्या लॅपटॉपसोबत आलेल्या चाचणी आवृत्तीची मुदत संपली असेल, तर ती नुसती बंद न करता अनइन्स्टॉल करावी. ती निघताच डिफेंडर आपोआप चालू होतो, तरी विंडोज सिक्युरिटी उघडून त्याची एकदा खात्री करून घ्यावी.