आमंत्रणाची वाट पाहत खर्च वाढवू नका

निमंत्रणावरच मिळणाऱ्या क्रेडिट कार्डाचं आकर्षण मी समजू शकतो. अमेरिकन एक्स्प्रेसने १९९९ साली सेंच्युरियन, म्हणजे लोकांच्या तोंडचं 'ब्लॅक कार्ड', आणलं तेव्हापासून ही ओढ आहेच. पण आमंत्रण यावं म्हणून गरज नसताना खर्च वाढवू नका, ही कळकळीची विनंती.

आधी वार्षिक फी बघा. माहितीपत्रकातल्या सगळ्या सवलतींची बेरीज करू नका. गेल्या वर्षभरात तुम्ही खरोखर किती प्रवास केलात, विमानतळावरचं लाउंज किती वेळा वापरलं असतं, तेवढंच मोजा. मी पहिल्या वर्षी हे केलं नाही आणि निम्म्या सवलती न वापरताच संपल्या. फार हळहळ वाटली.

अशा कार्डांवर खर्चाला 'ठरावीक मर्यादा नाही' असं सांगतात, पण याचा अर्थ अमर्याद खर्च असा नसतो. मोठी खरेदी असेल तर बँकेला आधी कळवा. प्रवासविमा बहुतेकदा तिकीट त्याच कार्डावर काढलं तरच लागू होतो, तेव्हा अटी स्वतः वाचा. परकीय चलनावरचं शुल्कही तपासा. खर्चावर मिळणारे पॉइंट्स वस्तूंवर उडवण्यापेक्षा विमान कंपनीकडे वळवले तर अनेकदा जास्त मोल मिळतं.

आणि बिल दरमहा पूर्ण भरता येत नसेल, तर सध्या साधंच कार्ड ठेवा.